मनगटाएवढं खोड

बोटं

फूल ओढायचं नसतं, खुडायचं असतं. ओढलं तर देठाबरोबर फांदीची साल निघते, तिथून डिंक वाहतो आणि ती फांदी कामातून जाते. म्हणून देठ दोन नखांत धरायचा, जरासा मुरडायचा. फूल आपणहून सुटतं. मग पुढचं. मग त्याच्या शेजारचं, जे मघाशी तिथं नव्हतं.

मोठीनं उजव्या अंगठ्याचं नख यासाठीच वाढवलं होतं. थोरली सून म्हणून सगळे तिला मोठी म्हणत. अंगानं ती दारामागे उभी राहिली तर शोधावी लागायची. संत्र्याची झाडं तिच्या डोक्याच्या वर गेली होती. वरच्या फांद्यांसाठी ती रंगाचा रिकामा डबा उलटा घालून त्यावर चढायची. जमीन दगडगोट्यांची, त्यामुळं डबा डुगडुगायचा. कोवळ्या झाडांना काटे फार. ते नखाखाली जायचे, आणि नेमके त्याच बोटाला जायचे ज्याच्यावाचून काम अडतं.

वास होता. लांबून येणाऱ्याला तो वास गोड लागायचा. सकाळपासून त्यात उभं राहिलं की डोकं चढायचं, घास खाली उतरायचा नाही, आणि पदराला, पाण्याला, उशीला तोच वास.

या झाडांच्या जिवावर एक माणूस खाली उतरायचा होता. मोठीचा नवरा गवंडी. शहरात उंच इमारतींवर बांबूच्या परांचीला लोंबकळत तो भिंती चढवायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. बाग फळांना आली की त्यानं परांची कायमची सोडायची, घरी राहायचं, हे दोघांनी रोपं लावतानाच ठरवलं होतं. आणि रोपवाल्यानं रोपं देताना बजावलं होतं, की खोड मनगटाएवढं होईपर्यंत एकही फळ धरू नका. पोरवयात झाडाला लेकुरवाळं केलं की ते जन्मभर कुरकुरतं.

म्हणून दर वर्षी बहर आला की खुडायचा.

या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि बहर असा आला की पानं दिसेनात. लोकांना वाटलं, झाडं खूश आहेत. मोठीला माहीत होतं की झाडं घाबरली आहेत. तहानेनं जीव जायची वेळ आली की झाड मागं बी ठेवून जायची घाई करतं. ती फुलं म्हणजे घाई होती नुसती. सकाळी मोकळी केलेली ओळ दोन-चार दिवसांनी पुन्हा पांढरी. तिला कधीकधी वाटायचं, झाडाच्या कानाखाली एक द्यावी.

कान

बागेला कुंपण म्हणजे नुसती तार. येणारा-जाणारा थांबायचा आणि थांबलेल्याला सगळं दिसायचं. एकानं विचारलं, फुलांचा धंदा काढला का. एकीनं विचारलं, कीड पडली का. नाही म्हटल्यावर तिला झाडांऐवजी मोठीची काळजी वाटायला लागली. दूधवाला गाडी चालू ठेवूनच बघत बसायचा आणि जाताना मान हलवायचा. तो काही बोलत नाही याचाच मोठीला जास्त राग यायचा.

सासू तोंडावर कधी बोलायची नाही. ती कोंबड्यांना सांगायची. मोठी ऐकू येईल एवढ्या अंतरावर आली की दाणे टाकता टाकता सुरू व्हायची.

"खा गं बायांनो, आज मिळतंय तर खाऊन घ्या. या घरात सगळे उद्याच जेवतात."

धाकटा दीर मात्र सरळ बोलायचा. त्याचा टेम्पो होता. दुसऱ्यांच्या बागांची फळं तो बाजारात पोचवायचा. यंदा कुणाच्याच झाडाला फळ टिकलेलं नव्हतं, बाजार रिकामा पडला होता आणि धाकट्याचा टेम्पोही. ज्याच्याकडे फळ असेल त्याच्या दारात व्यापारी रांग लावतील, असं तो रोज वेगळ्या शब्दांत सांगायचा. मोठी डब्यावर उभी राहून ऐकायची आणि खुडत राहायची. एक दिवस तो तारेत पाय घालून आत आला आणि तिच्या डब्याजवळच उकिडवा बसला. खाली पडलेली फुलं त्यानं मुठीत घेतली.

"वहिनी, दादाला आत्ता खाली आणता येतंय. या वर्षी. आणि तुम्ही नखानं त्याला परत वर पाठवताय."

तिच्याकडे उत्तर होतं. झाडं खुरटली तर पुढं कधीच आणता येणार नाही, हे ते उत्तर. पण उत्तर पुढच्या वर्षाचं आणि प्रश्न या वर्षाचा. असं उत्तर बोलायला गेलं की तोंडातच लंगडायला लागतं. ती म्हणाली, "भाऊजी, डबा हलतोय, जरा धरा."

त्यानं डबा धरला. तेवढं त्याचं चांगलं होतं.

पाठ

त्यांची स्वतःची विहीर आटून तळाशी चिखल राहिला होता. शेजारच्या रानातल्या विहिरीला पाणी होतं. तिच्या मालकाला सगळे मोटरवाला म्हणायचे, कारण तो मोटरबद्दलच बोलायचा. त्याच्याशी बोली अशी, की मोठीनं त्याच्या रानात खुरपायचं आणि त्यानं तिच्या बागेला पाण्याची पाळी द्यायची.

म्हणजे सकाळी आपली झाडं, ऊन चढलं की त्याचं रान. खुरपणीला बसून सरकताना पाठ मध्येच अडकायची. मग हाताचा टेका देऊन उठायचं, मागं वाकायचं, कमरेत काहीतरी कडकायचं, पुन्हा बसायचं. पाळीच्या दिवशी रबरी नळी खांद्यावरून ओढत आणायची. नळीला इतक्या ठिकाणी भोकं, की तिच्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून बांधून ती ठिगळ लावलेल्या सापासारखी दिसायची. पाणी सोडलं की एक पट्टी सुटायचीच. मोठी तिच्यावर पाय देऊन उभी राहायची. एका पायानं गळती दाबायची, दुसऱ्या पायानं आळ्याचा बांध फोडायचा.

मोटरवाला माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो विनोद करायचा. त्याचं म्हणणं, मी पाणी देतो झाडाला, झाड ते देतं फुलाला, फूल तुम्ही टाकता मातीत. म्हणजे मी मातीलाच पाणी पाजतो. मग माझीच माती काय वाईट आहे? हे त्यानं पाळीच्या दिवशी बांधावर चार माणसं असताना सांगितलं. माणसं हसली. मोठीही हसली, कारण न हसणं परवडणारं नव्हतं.

पुढच्या पाळीला त्यानं मोटर लवकर बंद केली. शेवटच्या ओळी कोरड्या राहिल्या. ती विचारायला गेली तर म्हणाला, फुलं ठेवणार असशील तर पूर्ण सोडतो. तोडायचीच आहेत तर अर्ध्या पाण्यात तोड.

ती परत आली आणि कोरड्या ओळीतली फुलं खुडायला लागली. त्या दिवशी तिनं काही देठ ओढले.

गुडघे

वाऱ्यानं घराच्या छपराचा एक पत्रा उचकटला होता. गवंडी सुट्टीला आला तेव्हा सासूनं आल्या आल्या त्याला पत्रा दाखवला. त्यानं चहा प्यायला. मग दुसरा चहा मागितला. मग शिडी आणली, ती भिंतीला लावली, हलवून बघितली, काढली, दुसऱ्या जागी लावली. मोठीनं खालून शिडी धरली. तो चार पायऱ्या चढला आणि थांबला.

तिला वाटलं, पत्र्याकडे बघतोय. मग तिच्या डोळ्यांसमोर त्याचे गुडघे होते, आणि ते थरथरत होते. दुखणाऱ्या माणसाचे थरथरतात तसे नाही. थंडीत कुत्रं थरथरतं तसे.

तो उतरून खालच्या पायरीवर बसला. सिमेंटनं खाल्लेले हात गुडघ्यांवर ठेवून दाबत राहिला.

"मला वर भीती वाटते," तो म्हणाला.

"आपलं छप्पर ते केवढं."

"इथं नाही. तिथं."

मग त्यानं एकेक वाक्य करत सांगितलं. पूर्वी वर गेलं की खाली बघायची आठवणही व्हायची नाही. आता आधी खालीच बघतो. मागच्या आठवड्यात विटा लावता लावता टेकायला बसला तो उठेचना. परांचीचा बांबू काखेत धरून बसून राहिला. खालच्या लोकांना वाटलं, तंबाखू मळतोय. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा कुणीतरी वर आलं, म्हणून हातांवर, ढुंगणावर सरकत उतरता आलं. पडला वगैरे नव्हता. काहीच झालं नव्हतं. काही झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

तिनं विचारलं, कुणाला बोललात का. तो म्हणाला, तुला.

थोड्या वेळानं तो शिडीलाच बोलल्यासारखं बोलला. "या वर्षी धरू या का गं फळं?"

पत्रा तसाच राहिला. वारा आला की तो आपटायचा.

मनगट

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा सुतळी घेऊन आला. मोठीनं त्याला गुडघ्यांचं सांगितलं नव्हतं, दादानंही नाही. पण दादा फळं धरायचं म्हणतोय एवढं त्याला कळलं होतं आणि तेवढं त्याला पुरेसं होतं. सगळे बागेत गेले. सासू कोंबड्या सोडून आली, हीच मोठी गोष्ट.

धाकट्याचं म्हणणं रास्त होतं. मनगटाएवढं खोड म्हणजे मनगटाएवढं खोड, मोजून बघू. रोपवाल्यानं मनगट म्हटलं होतं, कोणाचं ते कुणी विचारलं नव्हतं, कारण ऐकताना प्रत्येकानं आपलं स्वतःचंच धरलं होतं. आता विचारायची सोय नव्हती. रोपवाला धंदा बंद करून गेला होता. धाकट्यानं त्याच्या नंबरला फोन लावला तर तो कुठल्यातरी केस कापणाऱ्याकडे लागला आणि त्यानं आज येताय की उद्या असं विचारलं.

सुतळी आधी खोडाला गुंडाळली, माप संपलं तिथं गाठ मारली. तेवढी सुतळी गवंड्याच्या मनगटाला लावली. निम्म्यावरच संपली. त्याची मनगटं विटा उचलून उचलून पायाच्या घोट्यासारखी झाली होती. ते मनगट माणसाचं नाहीच, धाकटा म्हणाला, ते सोडा. त्यानं स्वतःचं लावलं. कमी पडली. मोठीचं लावलं. बोटभर कमी पडली. धाकटा जरा ओढून बघत होता, तिनं हात काढून घेतला.

"आई, हात दे."

सासूचं मनगट म्हणजे वाळकी काडी. सुतळी बरोबर बसली. थोडी सैलच.

"झालं," धाकटा म्हणाला. "आता आईचं मनगट मनगट नाही असं कोण म्हणतंय ते पुढं या."

सासू हात तसाच पुढे धरून उभी राहिली. त्या हाताकडे इतक्या जणांनी एकदम कधी बघितलं नव्हतं. ती हसत होती.

मोठीला त्या वेळी रोपवाला आठवला. हे आठवणं तिनं मागवलं नव्हतं. रोपवाल्यानं मनगट म्हणताना स्वतःचा उजवा हात वर केला होता आणि डाव्या हातानं तो धरून दाखवला होता. जाड, केसाळ मनगट. बोटं भोवती पुरी बसत नव्हती. तेव्हा तिच्याखेरीज बघणारं कुणी नव्हतं. गवंडी रोपं गाडीत चढवत होता.

सगळे तिच्याकडे बघत होते. गवंडी बघत नव्हता. तो आळ्याच्या बांधावर बसून दोन्ही गुडघे दाबत होता.

ती म्हणाली, "आईंचं मनगट आहेच की."

हात

हातांना काम नाही. नख काढून टाकलं.

डोळे

पाकळ्या गळाल्या आणि आत हिरवे मणी उरले. काही आपोआप पडले, पण पुष्कळ धरून राहिले, आणि मग रोज सकाळी बघितलं की कालच्यापेक्षा मोठे. वाटाण्याएवढे. मग बोराएवढे. सासू बागेत येऊन पानं बाजूला करून बघायची, झाकून ठेवायची. कोंबड्यांना ती आता सांगायची की बायांनो, दम धरा. धाकट्यानं टेम्पोच्या मागच्या फाळक्याला नवीन कडी बसवली. तो मोठीला वहिनीसाहेब म्हणायला लागला होता.

गवंडी सुट्टीला आला की आधी बागेत. तो फळांना हात लावायचा नाही, हात पाठीमागे बांधून ओळीओळीतून फिरायचा, एखाद्या दुसऱ्या गवंड्यानं बांधलेली भिंत बघावी तसा. एकदा तो गुणगुणला. मोठीनं ते ऐकलं आणि भांडी घासत होती ती घासायची थांबली. थोडे दिवस तिलाही वाटलं की आपणच उगाच घाबरत होतो, आणि जगात एवढ्या गोष्टी होतात त्यात ही एक झाली तर कुणाचं काय बिघडणार आहे.

मग पानं वळायला लागली.

दुपारी वळतात ती सगळीच वळतात. ही सकाळी वळलेली होती. कडा वर, मधे खोलगट, पाण्यासाठी पसा पुढे केल्यासारखी. तिनं कुणाला सांगितलं नाही. गावाच्या प्यायच्या पाण्याच्या बारवेवरून डब्यानं पाणी आणून तिनं एका झाडाला घातलं. ते आळ्यानं गटकन प्यायलं आणि झाड तसंच. मग शेंडे वाळले. आधी एका झाडाचे, मग ओळीच्या कडेचे. वरून काडी काळपट, तिच्या खाली पिवळी पानं, आणि त्यांच्या खाली फळं मात्र हिरवीगार, टचटचीत, जोमात. झाड आपलं अंग विकून त्यांना पाजत होतं.

धाकट्यानं फळं बघितली. सासूनं फळं बघितली. शेंड्यांकडे कुणी बघेना. तिनं एक वाळका शेंडा मोडून धाकट्याच्या हातात दिला तर तो म्हणाला, उन्हाचं होतं तसं, वहिनी.

जीभ

ती मोटरवाल्याकडे गेली. घरून निघताना तिनं वाक्य ठरवून घेतलं होतं: दुप्पट पाणी द्या, मी दुप्पट खुरपीन. वाटेत ते तिनं घोळवून गुळगुळीत केलं. तो गोठ्यासमोर बसला होता. ती उभी राहिली आणि वाक्य बोलली.

तिला वाटलं तो विनोद करील. त्यासाठीही तिनं हसू तयार ठेवलं होतं.

तो उठला, चप्पल घातली आणि चल म्हणाला. तिला विहिरीवर नेलं. कठड्यावर वाकून बघ म्हणाला. खाली मोटरचा पाइप पाण्यात नव्हता, गाळात होता. भोवती एक हिरवट डबकं आणि त्यात एक बेडूक, पोहत नव्हता, बसला होता.

"एक पाळी देतो ती पण मनाला मारून देतो," तो म्हणाला. "माझी स्वतःची जनावरं आहेत. दुप्पट कुठून आणू, तूच सांग. उतरतेस खाली?"

यात चिडायला काही जागा नव्हती. ती चिडली. इतकी, की परत येताना तिनं बांधावरच्या एका दगडाला लाथ मारली, आणि दगडाला काही झालं नाही. बागेत येऊन तिनं पहिल्या झाडाचं एक फळ तोडलं आणि दातांनी फोडलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कडू जहर. थुंकलं तरी जिभेवरून जाईना. तोंड धुतलं तरी जाईना.

एवढ्या पाण्यात फळं जगतील किंवा झाडं. हे इतकं साधं होतं. हे तिला बहरातच माहीत होतं. आणि नवरा सुट्टीला यायचा होता.

खांदे

तो नेहमीपेक्षा लवकर आला, हातात पुडा, हसत. दारातच सांगितलं: ठेकेदाराला सांगून टाकलं. उन्हाळ्यानंतर येणार नाही म्हटलं. सगळ्यांनी मिळून चहा पाजला, एकानं खांद्यावर थोपटलं, आता काय बागायतदार म्हणाले. त्याच्या जागेवर लगेच बुटक्याला घेतलंसुद्धा. बुटक्या म्हणजे इतकी वर्षं त्याच्या हाताखाली माल वाहणारा गडी. बुटका खरा, पण हात चांगला आहे त्याचा, गवंडी म्हणाला. मीच शिकवला.

मोठीनं त्याला पाणी दिलं. पिऊ दिलं. मग बागेत नेलं आणि फळं नाही, शेंडे दाखवले. एका झाडाचे. मग दुसऱ्याचे. ओळीच्या मध्यावर तो थांबला आणि म्हणाला, कळलं, पुढं नको.

तिनं विहिरीचं सांगितलं. मग रोपवाल्याचं मनगट सांगितलं, कसं ते हातानं धरून दाखवलं.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही गुडघे दाबत होता."

त्यानं समोरच्या झाडाचं फळ मुठीत धरलं आणि ओढलं. फांदी चर्र करून सालीसकट खाली आली. त्यानं पुढचं धरलं, तेही तसंच ओढलं. मोठी त्याच्या हाताला लोंबकळली.

"ओढू नका. मुरडा."

"सोड."

"मुरडा, अहो. साल जातेय."

त्याचे हात थांबले, पण खांदे वरखाली होत राहिले. मग त्यानं मुरडलं. विटांची बोटं ती, देठ त्यांच्यात हरवायचा. तिनं दाखवलं, त्यानं परत मुरडलं. एका ओळीला दोन्ही बाजूंनी दोघं लागले. फूल खुडताना आवाज होत नाही. फळाचा होतो, बारीक, टक. मग मातीवर पडल्याचा. दुपारभर दोन्हीकडून तेवढाच आवाज.

धाकटा टेम्पो घेऊन आला, तारेपाशी उभा राहिला. त्यानं दादाला हाक मारली. दादानं वर बघितलं नाही. धाकटा मोठीला म्हणाला, "तुमच्या मनासारखं झालं ना, वहिनी." तिच्या तोंडात अजून ते कडू होतं. ती म्हणाली नाही की माझ्या मनासारखं या जगात अजून काहीच झालेलं नाही. तो टेम्पोत बसला, निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र आला आणि शेवटून एक ओळ धरून, कुणाशी न बोलता, मुरडत राहिला.

सासूनं ओंजळभर हिरवी फळं नेऊन कोंबड्यांपुढे टाकली. त्यांनी चोच मारली आणि चोची मातीत पुसल्या.

मान

ठेकेदाराला फोन गवंड्यानं अंगणात उभं राहून केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, बहुधा नंतर परत सांगावं लागू नये म्हणून. येतो म्हणाला. मग ऐकत राहिला. मग म्हणाला, वर नको. तिकडून काहीतरी लांबलचक आलं. हो, म्हणाला, माहीत आहे. खाली काय असेल ते. माल वाहायचा तर माल वाहायचा. बुटक्याच्या हाताखाली चालेल. तिकडे कुणीतरी हसलं असावं. त्यानं फोन कानापासून थोडा लांब धरला आणि हसणं संपल्यावर परत जवळ आणला.

जायच्या दिवशी सकाळी त्यानं मोठीकडे फडकं मागितलं. कसलं ते सांगितलं नाही. तिनं विचारल्यावर भिंतीकडे बघून म्हणाला, चुंबळीला.

तिनं जुनं लुगडं फाडलं. पट्टी पिळली, वेटोळं केलं, टोक आत खोवलं. ती लहानपणापासून डोक्यावरून ओझी नेत आली होती. हाताला विचारावं लागत नव्हतं. त्यानं आयुष्यात डोक्यावर काही घेतलं नव्हतं. माल त्याच्याकडे वर यायचा. त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवताना तिला दिसलं की मधले केस पार विरळ झालेत. तिनं चुंबळ थोडी पुढे घेतली, मग मागे. गालाला हात लावून तिनं त्याला सरळ उभं केलं, ते त्याला सहन होईना.

"घट्ट कर," तो म्हणाला. "सुटली तर हसतील."

अंगणात माती होती, ती घमेल्यात भरली. दोघांनी मिळून उचललं. तो चालला, कुंपणापर्यंत, मान आखडून, हात दोन्हीकडे पसरून. माती खांद्यावर सांडली. वळताना घमेलं कललं, त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तसाच परत आला. खाली टेकवल्यावर मानेला हात लावला, मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे. सासू दारात उभी होती.

"बुटक्याला मी शिव्या घालायचो," तो म्हणाला. "हळू चालतो म्हणून."

ती म्हणाली, गाडीची वेळ झाली.

"जाईन. परत दे उचलून."

तिनं एक बाजू धरली, त्यानं एक. घमेलं वर गेलं, चुंबळीवर टेकलं. तिनं हात सोडले नाहीत. त्याची मान खाली दबत दबत एका जागी थांबली. मानेची शीर जाड झाली.

"सोड," तो म्हणाला.

ती धरूनच होती.

"सोड आता."

तिनं सोडलं.